कावळ्यापुढं बोललेलं

लोणी भापकरला मी सून म्हणून आले तेव्हा मला गावातली देवळं आधी कळली आणि भुतं बऱ्याच वर्षांनी. देवळं दाखवायला कुणीही तयार असतं. मल्लिकार्जुनाचं जुनं दगडी देऊळ, दत्तमंदिर, पुष्करणी, अंगावर विष्णूच्या मूर्तींची झूल कोरलेला यज्ञवराह. पुण्याहून पाहुणे आले की नवरा त्यांना हौसेनं फिरवून आणायचा. बारामती म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊस आणि साखर कारखाने दिसतात. आमचा भाग त्याच तालुक्यातला, पण जिरायती, पावसाकडं डोळे लावून बसणारा, हेही तो त्याच फेरीत सांगून टाकायचा.

भुतांचं मात्र कुणी असं सांगायला बसत नाही. मी एक-दोनदा सहज विचारलं तर "आता कुठं काय ऱ्हायलंय तसलं" म्हणून विषय संपायचा. डोंबिवलीच्या, शिकलेल्या सुनेपुढं हसं कशाला करून घ्या, असा त्यातला भाव असायचा. ते सगळं कळायला घरात मरण व्हावं लागलं. माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, वारले. त्यानंतरच्या वर्षभरात घरातल्या आणि भावकीतल्या बायकांनी मला जे काही कळू दिलं, ते इथं लिहिते आहे.

मामा पहाटे गेले. माणसं जमली तेव्हा पहिला प्रश्न वेगळाच असेल असं मला वाटत होतं. नानांनी, म्हणजे मामांच्या थोरल्या भावांनी, गुरुजींना फोन लावून विचारलं, "पंचक हाय का बघा." चंद्र धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंत असताना मरण आलं तर त्या घरात आणखी पाच मरणं ओढवतात, म्हणून मग पाच पुतळे करून मढ्याबरोबर जाळायचे असतात. पंचक नव्हतं. ते कळल्यावर ओसरीवरच्या माणसांचे खांदे सैल पडलेले मला दिसले. घरात एक माणूस मेलेलं असताना उरलेल्यांची काळजी इतक्या उघडपणे करता येते, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. भावकीतून पिठलं-भाकरीच्या दुरड्या आल्या. बायका स्मशानात जात नाहीत, त्यामुळं पुढचं मला नवऱ्याकडून कळलं. वाटेत विसाव्याच्या जागी तिरडी खाली ठेवली. तिथं खांदेकरी बदलतात आणि उचलताना तिरडीची दिशाही बदलतात. गेलेल्याला घराची वाट सापडू नये म्हणून, असं नानांनी त्याला सांगितलं. मडकं खांद्यावर घेऊन त्यानं चितेभोवती फेऱ्या मारल्या, दर फेरीला दगडानं मडक्याला भोक पाडलं गेलं, शेवटी मागं न बघता मडकं टाकलं आणि बोंब मारली. ज्या दगडानं मडकं फोडलं तो जीवखडा. दहाव्यापर्यंत मामांचा मुक्काम त्या खड्यात धरायचा.

घरात जिथं जीव गेला तिथं आत्यांनी, माझ्या सासूबाईंनी, दक्षिणेकडं वात करून दिवा लावला आणि शेजारी पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घातली. पिठात जे पाऊल उमटेल त्या योनीत माणूस गेला, असं धरतात. टोपली उचलली तेव्हा मी वाकून पाहिलं. मला पिठाला पडलेल्या बारीक भेगा दिसल्या. आत्यांना त्यात पाखराचा पाय दिसला. शेजारच्या काकींना गाईचं खूर दिसलं. पुतण्या म्हणाला मुंग्या फिरल्यात. बायका बराच वेळ त्या पिठाभोवती बसून राहिल्या. मामांना बांधावरच्या बाभळीवर येणारी सुगरण आवडायची, ती घरटं विणताना ते काम सोडून बघत बसायचे, असं कुणीतरी काढलं. मग एकेक जण पाखराच्या बाजूला आली. "पाखरूच झालं. शेतात येईल," असं आत्या म्हणाल्या आणि ते ठरलं. पिठानं काही सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पण मेलेल्या माणसाबद्दल एकमत होईपर्यंत त्याच्याविषयी बोलत राहायचं, एवढं काम त्या टोपलीनं केलं होतं.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेले. अस्थी नीरा-भीमेच्या संगमावर, नीरा नरसिंहपूरला नेल्या. राखेतली थोडी शेतात एका खड्ड्यात घालून त्यावर आंब्याचं रोप लावलं. हे आता आमच्याकडं बरीच घरं करतात आणि नदी घाण होत नाही म्हणून त्याचं कौतुकही होतं.

दहाव्याला मात्र मी घाटावर होते. आमच्या भागातला दहावा म्हणजे मोठा कार्यक्रम असतो. फ्लेक्स, मांडव, प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. ते चालू असताना बाजूला पिंड मांडलेला असतो. मामांना आवडायची म्हणून भजी ठेवली होती, चहाचा कप होता, तंबाखूची पुडी होती. कावळे समोरच्या झाडावर होते, पण खाली येत नव्हते. प्रवचन संपलं. माणसं घड्याळ बघायला लागली आणि हळूहळू सगळ्यांचं लक्ष भाषणांवरून पिंडाकडं गेलं.

मग बोलणं सुरू झालं. माझा नवरा पुढं होऊन वडिलांना म्हणाला, "आबा, आईला सांभाळीन." कावळा हलला नाही. "सोसायटीचं कर्ज मी फेडीन." नाही. भावकीतले एकेक जण सुचवायला लागले. धाकट्या पुतण्याचं शिक्षण आठवलं, गोठ्यातली म्हातारी गाय आठवली. शेवटी नानांनी त्याच्या पाठीला हात लावला आणि हळू म्हणाले, "आक्काचं बोल." आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. ती बायकांच्यात माझ्या शेजारी बसली होती. नवरा क्षणभर थांबला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आक्काला अंतर देणार नाही. तिचं जे असंल ते तिला मिळंल." थोड्या वेळानं एक कावळा उतरला आणि भजं घेऊन गेला. घाटावरची सगळी माणसं एकदम हलली. कावळा आलाच नसता तर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला असता, तीही सोय असते. पण ती कुणालाच नको असते.

घाटावरचे कावळे माणसांना सरावलेले असतात, गर्दी शांत झाली की उतरतात, हे मला तेव्हाही कळत होतं. मला गुंतवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. माणसाकडून जे घरात, चार भिंतींत कधी बोलून घेता आलं नसतं, ते त्या अर्ध्या तासात सगळ्या गावासमोर बोलून घेतलं गेलं होतं.

सुतक फिटलं. माणसं पांगली. त्यानंतर आत्यांना एकटं वाटू नये म्हणून संध्याकाळी शेजारच्या काकी येऊन बसायच्या. मी भाकरी थापत असायचे आणि त्या दोघी बोलत असायच्या. घरात मरण झालेलं होतं म्हणून असेल, पण आता मला कुणी हसून टाळत नव्हतं. ओढ्याकाठच्या पिंपळावर मुंजा आहे. मुंज झालेला पण लग्न न झालेला पोर मेला की तो मुंजा होतो. ज्याला मागं वारस नाही, पण जीव धनात अडकलेला आहे, तो समंध. विहिरीवरच्या शेंदूर लावलेल्या सात दगडांत साती आसरा असतात. अवसेला, टळटळीत दुपारी एकटीनं पाण्याला जायचं नाही. रात्री ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकवतो तो चकवा. मी प्रत्येकाला विचारायचे, हा कोण होता? आणि काकी प्रत्येकाचं सांगताना एकच गोष्ट सांगायच्या: त्याचं काय राहिलं होतं. कुणाचं लग्न राहिलं, कुणाचा वंश राहिला, कुणाचं येणं राहिलं. म्हातारपणी, मुलंबाळं मार्गी लागल्यावर, घरच्यांच्या हातून पाणी पिऊन मेलेल्या माणसाचं भूत त्यांच्या एकाही गोष्टीत नव्हतं.

पुढं मला कळलं की अशी यादी शंभर वर्षांपूर्वीच कागदावर आलेली आहे. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून लोकांच्या समजुती गोळा केल्या होत्या. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या टिपणांवरून आर. ई. एन्थोवेन यानं पुढं पुस्तकं केली. १९२४ चं 'फोकलोअर ऑफ बॉम्बे' त्यातलंच. मुंजा, समंध, जखीण, खवीस ही सगळी मंडळी तिथं हजर आहेत. काकींनी ते पुस्तक पाहिलेलं असण्याचा प्रश्नच नव्हता.

यादीतलं एक नाव काकी दिवेलागणीनंतर घ्यायच्या नाहीत. ते मी त्यांच्याकडून दिवसाउजेडी ऐकलं. अळवंत. पोटुशी किंवा बाळंतपणात मेलेली बाई. त्यांच्या लहानपणी अशी बाई गेली की स्मशानातून परत येताना वाटेवर राळे फेकत यायचे. तिला घरी यायचं तर आधी तो दाणा न् दाणा वेचावा लागेल आणि तोवर उजाडेल. उंबऱ्यात खिळा ठोकायचे. नव्या बाळंतिणीच्या उशाशी विळा असायचा, तो अळवंतीच्याच भीतीनं. हे सांगून झाल्यावर काकी म्हणाल्या, "माझी थोरली जाऊ तशी गेली. म्या तिच्याबरोबर धुणं धुवायची, आन् सांजच्याला तिच्याच वाटंवर राळं टाकलं."

त्या वाक्यानंतर मला झोप लागली नाही. फोनवर शोधता शोधता मी थायलंडच्या माए नाकपर्यंत पोचले. नवरा लढाईवर गेलेला, ती बाळंतपणात बाळासकट मरते आणि तो परत आल्यावर काहीच झालं नाही अशा थाटात त्याचा संसार करत राहते. तिच्यावर तिथं कितीतरी चित्रपट निघाले. १९९९ चा 'नांग नाक' त्यातला गाजलेला. थाई लोक अकाली, हिंसक मरणाला 'ताय होंग' म्हणतात, अशा माणसाचा 'फी', म्हणजे भूत, त्यांना सर्वांत भयंकर वाटतो, आणि त्यातही पोटात बाळ घेऊन मेलेली बाई. आमच्या काकींनी मान डोलावली असती. फरक एकच. बँकॉकच्या वाट महाबुत या विहाराच्या आवारात माए नाकचं ठाणं आहे. लोक तिला पोशाख वाहतात, तिच्या बाळासाठी खेळणी ठेवतात, तिच्याकडं मागणं मागतात. भीती तीच, पण तिथं त्या बाईला बसायला जागा दिलेली आहे.

जागा देण्याची रीत आमच्या गावाला नवीन नाही. काळभैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळ उभे आहेत. लग्नानंतर मी ते पाहिले होते ते नुसते जुने दगड म्हणून. आता नानांबरोबर पुन्हा गेले. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला माणूस, कुठं गाई असतील तर तो गोधन राखताना मेलेला. त्याच्या वर अप्सरा त्याला नेताना. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव. एस. शेट्टर आणि गुंथर सोन्थायमर या अभ्यासकांनी १९८२ मध्ये स्मृतिशिळांवर मोठा ग्रंथ संपादित केला, आणि अशा मेलेल्या वीरांचेच पुढं देव कसे होतात यावर सोन्थायमरांनी आयुष्यभर धनगरांबरोबर हिंडून काम केलं. नानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "त्याला कशाला हिंडाय पायजे? आमच्या देव्हाऱ्यात बघायचं की."

खरंच होतं. आमच्या देवघरात खंडोबा-भैरोबाच्या टाकांच्या रांगेत चांदीचा एक छोटा टाक वीराचा आहे. कोण, कुठं पडला, कुणाला माहीत नाही. पण जेजुरीला देव भेटीला नेताना तोही फडक्यात बांधून नेतात. जवान पोरगा, लग्न न होता, घरापासून लांब मेला असेल. काकींच्या हिशेबानं भूत व्हायला लागणारं सगळं त्याच्याकडं होतं. तो झाला देव. कारण त्याचं मरण गावासाठी झालं, आणि गावानं ते मान्य करून त्याला दगड दिला, टाक दिला, पुरणाचा घास दिला.

मग काकींच्या जावेचं मरण कुणासाठी झालं होतं? त्या घराला वारस देतानाच ती मेली. तिला राळे मिळाले आणि उंबऱ्यातला खिळा. मी हे नानांना विचारलं. ते वीरगळाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "बाईमाणसाचं तसंच झालं खरं."

या समजुतींची दुसरी बाजूही मला त्याच वर्षात पाहायला मिळाली. आमच्या ओळखीतल्या एका घरातली नवी बाळंतीण रात्र रात्र जागायची, बाळाला जवळ घ्यायची नाही, एकटीच पुटपुटायची. घरच्यांनी ठरवलं, बाहेरचं आहे. एक देवऋषी आला, लिंबं-नारळ झाले, उतारा तिठ्यावर टाकला. तिला धुरी द्यायची भाषा निघाली तेव्हा आत्याच तिथं जाऊन भांडल्या. ज्या आत्यांनी पिठात पाखराचं पाऊल पाहिलं, त्याच आत्या. "मेलेल्याचं ते मेलेल्यापाशी. जित्या पोरीला दवाखान्यात न्या," असं म्हणून त्यांनी गाडी बोलावली. बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं, औषधांनी उतरलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे धरले आहेत. आत्यांना कायद्याचं कलम माहीत नव्हतं. पण दुःखाला वाट देणारी रीत आणि माणसाला छळणारी रीत यांतली रेघ त्यांना नीट माहीत होती.

भाद्रपदात म्हाळ आले. करोनात, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, आमचा एक चुलत दीर पुण्याच्या दवाखान्यात गेला होता. देह घरी आलाच नाही. खांदा नाही, विसावा नाही, घाटावर चारच माणसं. त्याच्या बायकोला तेव्हापासून वाटत होतं की तो वाटेतच कुठंतरी अडकलाय. तिला कुणी झपाटलं नव्हतं की ती घुमत नव्हती. नुसती दार लावताना थांबायची. मामांच्या भरणीच्या दिवशी नानांनी तिला बोलावून घेतलं आणि पत्रावळ वेगळी मांडून त्याच्या नावानं घास काढायला लावला. भावकीतल्या पुरुषांनी त्या पत्रावळीला हात लावून नमस्कार केला. जे खांदे त्याला मिळाले नव्हते ते असे मिळाले, असं ती मला नंतर म्हणाली. मी त्यावर काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या आधी वारसनोंदीचा विषय निघाला. सातबाऱ्यावर मामांच्या जागी आत्या, माझा नवरा आणि आक्का अशी तीन नावं लागायची होती. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा हे महाराष्ट्रानं १९९४ ला आणि केंद्रानं २००५ ला कायद्यात आणलं. पण आमच्याकडची रीत अशी, की नावं लागली की लगेच बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची आणि भावानं तिला साडी-चोळी करायची. जी करत नाही तिचं माहेर तुटतं. माझ्या नवऱ्यानंही कागद तयार करून आणला. त्यात त्याला काही वावगं करतोय असं वाटत नव्हतं. सगळे करतात तसंच तो करत होता.

आक्का आली, चहा प्याली, कागद हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून परत दिला. "आबांच्या दहाव्याला कावळ्यापुढं काय बोलला होतास?" एवढंच तिनं विचारलं. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मी आत्यांकडं. आत्या नानांकडं बघत होत्या. नाना म्हणाले, "बोलला होता. मीच बोलायला लावलं. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

कायद्याला कुणी मानलं नसतं. मी बोलले असते तर शहरातली सून घर फोडती आहे असं झालं असतं. पण मेलेल्या बापाला दिलेला शब्द भावकीसमोर फिरवायचा, तर आबांचं काहीतरी राहिलं असं झालं असतं, आणि ज्याचं राहतं त्याचं काय होतं हे त्या ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माझा नवरा बी.एस्सी. आहे. त्यानं कागद खिशात घातला आणि पुन्हा काढला नाही. फेरफार मंजूर होऊन आलेल्या सातबाऱ्यावर आक्काचं नाव आहे. तिच्या वाट्याची ज्वारी गेल्या सुगीला तिच्या घरी पोचली, आणि ती माहेरी पूर्वीसारखीच येते.

काकींना हे सगळं फार आवडलं. त्यांनी ते गावभर सांगितलं. तेव्हापासून आमच्या भावकीत दहाव्याला माणसं पिंडापुढं जरा मोजूनच बोलतात.